किरुना: लोखंडाने वसवलेलं आणि लोखंडासाठीच हलवलं जाणारं गाव

उत्तरवाट

ऑगस्ट २०२५ मध्ये एक लाल रंगाचं अख्खंच्या अख्खं लाकडी चर्च ट्रेलरवर बसून रस्त्याने निघालंय असा व्हिडिओ बहुतेकांच्या व्हॉट्सॅपवर आला असेल. आमच्याही ग्रुप्सवर आला आणि खाली सगळ्यांचा एकच सूर, बघा स्वीडनवाले वारसा कसा जपतात. ते खरं आहे पण अर्धंच खरं आहे. ते चर्च तिथे बांधायला पैसे कोणी दिले, ते उचलायची वेळ कोणी आणली आणि उचलून नेण्याचा खर्च कोणी केला ह्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच, खाण कंपनी. मी उत्तर स्वीडनमध्ये लुलेओला राहते, नवऱ्याचं काम खाणींच्या यंत्रांशी संबंधित त्यामुळे किरुनाला येणंजाणं असतं आणि घरात हा विषय कायम चालू असतो. म्हटलं एकदा सविस्तर लिहावं, कारण ह्या गावाचा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो आणि मराठीत त्यावर वाचायला जवळजवळ काहीच नाही.

तर किरुना आर्क्टिक सर्कलच्याही वर सुमारे १४५ किमी. उन्हाळ्यात मे अखेर ते जुलै मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही आणि डिसेंबरात दोनतीन आठवडे उगवतच नाही. तळ्याच्या दोन बाजूंना दोन डोंगर, किरुनावारा आणि लुओसावारा. ह्या डोंगरांत लोखंड आहे हे १६९६ पासून कागदावर नोंदलेलं आहे, पण पुढची दोनशे वर्षं कोणी हात लावू शकलं नाही. एक तर तिथून माल काढायला रस्ताच नव्हता, रेनडियरच्या घसरगाड्यांवर किती ओढणार. आणि दुसरं म्हणजे ह्या खनिजात फॉस्फरस भरपूर, आणि फॉस्फरसवालं पोलाद थंडीत कडकन मोडतं. ह्यातला दुसरा अडथळा दूर झाला इंग्लंडमध्ये. १८७८ च्या सुमारास गिलख्रिस्ट आणि थॉमस ह्या दोन चुलतभावांनी भट्टीला चुन्याच्या जातीचं अस्तर लावून फॉस्फरस मळीत, म्हणजे भट्टीत धातूवर तरंगणाऱ्या टाकाऊ थरात, ओढून घेण्याची पद्धत बसवली (ती मळी पुढे शेतात खत म्हणून विकली गेली). त्यानंतर हे उत्तरेतले निरुपयोगी डोंगर एकदम सोन्याच्या भावाचे झाले. १८९० मध्ये एलकेएबी ही कंपनी स्थापन झाली, आजही खाण तिचीच.

मग रेल्वे. लुलेओ ते येलिवारे लाइन एका इंग्लिश कंपनीने घातली, १८८८ ला गाडी धावली, पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली आणि सरकारने ती लाइन विकत घेतली. १८९९ ला रूळ किरुनापर्यंत आले. पण लुलेओच्या बंदराचा प्रॉब्लेम असा की तिथला समुद्र हिवाळ्यात गोठतो, म्हणून पलीकडे नॉर्वेच्या किनाऱ्यावर नार्विकला जायचं ठरलं कारण गरम प्रवाहामुळे तिथलं पाणी बाराही महिने मोकळं. तेव्हा स्वीडन आणि नॉर्वे एकाच राजाखाली होते हे लक्षात घ्या, नाहीतर दोन देशांमधून अशी लाइन इतक्या सहज झाली नसती. १९०२ ला काम पूर्ण, १९०३ ला राजा दुसरा ऑस्कर येऊन उद्घाटन करून गेला. नार्विक हे गावसुद्धा ह्या लोखंडामुळेच वसलं.

आणि गाव १९०० चं. किरुनाचं नशीब हे की खाणीचा पहिला मॅनेजर ह्यालमार लुंडबूम हा मुळात भूगर्भतज्ज्ञ, सरकारी भूगर्भ खात्यातून आलेला. त्याने दक्षिणेला मालमबेर्येत ह्या खाणगावाची अवस्था बघितली होती. तिथे खाण आधी सुरू झाली आणि गावाचं काय ते नंतर बघू असं झालं, कामगार डायनामाइटच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्यांनी झोपड्या बांधून राहायचे, आर्क्टिकच्या थंडीत. लुंडबूमने ठरवलं की इथे आधी गाव आखायचं. पेर उलोफ हालमान हा त्या काळातला मोठा नगररचनाकार बोलावला. त्याने तळ्याकडे उतरणारी डोंगरउताराची जागा निवडली, खाली थंड हवा साचते म्हणून. रस्ते सरळ न ठेवता वळणावळणाचे ठेवले म्हणजे वारा थेट घुसत नाही. कामगारांसाठी कंपनीने लाकडी घरं बांधली, चौकोनी बुटकी आणि वर निमुळती, लोक त्यांना दौत म्हणतात कारण ती तशीच दिसतात. १९०७ पासून ट्राम होती, शाळा होती, दवाखाना होता. सगळं कंपनीचं. चर्चही कंपनीच्या पैशाने, गुस्ताफ विकमानच्या डिझाइनवर, १९१२ च्या डिसेंबरात सुरू झालं. आकार सामी, म्हणजे इथल्या मूळच्या रेनडियर पाळणाऱ्या लोकांच्या झोपडीवरून घेतलेला. वेदीवरचं चित्र प्रिन्स यूजेन ह्या चित्रकार राजपुत्राने काढलंय, त्यात येशू नाही की संत नाही, उन्हातली झाडं आणि मोकळा प्रदेश आहे. डिसेंबरात जिथे सूर्य दिसत नाही त्या गावाच्या चर्चमध्ये असं चित्र. मी ते बघत बराच वेळ बसले होते.

बाकीचं प्रतिसादांत लिहिते, प्रश्न असतील तर विचारा.

चहाबाज

जबरी माहिती. वाखुसा (वाचनखूण साठवली). डायनामाइटच्या खोक्यांची घरं हे वाचून थांबलोच. एक बेसिक प्रश्न, खाण डोंगरात आहे आणि गाव तळ्याच्या अलीकडे, मग गावाखालची जमीन कशाने खचते? गावाच्या खाली खणतात का?

पाटा_वरवंटा

+१ हाच प्रश्न. आणि खणलेली पोकळी परत भरत का नाहीत, म्हणजे गावच हलवावं लागणार नाही.

खडकवेडी

मी भूगर्भशास्त्रवाली, किरुना बघितलेलं नाही पण हे खनिज शिकताना ह्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही, जगभरात ह्या जातीच्या साठ्याला किरुना टाइपच म्हणतात. मॅग्नेटाइट आहे, चुंबकाला चिकटणारं, ६० टक्क्यांच्या वर लोखंड. वय जवळपास १९० कोटी वर्षं.

आता तुमचा प्रश्न. हा साठा म्हणजे जमिनीत तिरकी घुसलेली एक अवाढव्य फळी समजा, लांबी ४ किमी, जाडी सरासरी ८० मीटर, खोली २ किमीपर्यंत माहिती आहे आणि उतार साधारण ६० अंश. ही फळी भिंतीला टेकवून ठेवल्यासारखी उभी आहे आणि कलते पूर्वेकडे, म्हणजे नेमकी गावाच्या दिशेने. डोंगरावर वरच्यावर खणत होते तोवर काही त्रास नव्हता. साठच्या दशकात ते सगळं जमिनीखाली गेलं. पद्धत अशी की फळीत आडवे बोगदे मारायचे, त्यातून वरच्या खडकात पंख्यासारखी भोकं पाडायची, सुरुंग लावायचे, माल खाली पडतो, लोडर तो उचलतात. आणि वरचा बिनकामाचा खडक, ज्याला हँगिंग वॉल म्हणतात, तो मोकळ्या जागेत आपोआप कोसळू द्यायचा. कोसळणं हा अपघात नाही, पद्धतच ती आहे. त्यामुळे प्रत्येक पातळी खाली गेली की वरची भेगांची रेषा पूर्वेला सरकते. गावाखाली खणत नाहीत (निदान आत्तापर्यंत), गावाखालची जमीन बाजूने आधार काढून घेतल्यामुळे ओढली जाते.

भरण्याबद्दल, दुसऱ्या काही खाणींमध्ये भरतात पण ती महाग धातूंची असतात. लोखंड हा टनावारी विकायचा माल आहे, इतक्या मोठ्या पोकळ्या सिमेंट मिसळून भरायच्या म्हटलं तर त्याचा भाव परवडणार नाही. ह्या पद्धतीत माल स्वस्तात निघतो म्हणूनच खाण आजपर्यंत चालली आणि म्हणूनच गाव हललं, दोन्ही गोष्टी एकाच निर्णयातून आलेल्या आहेत.

उत्तरवाट

खडकवेडी, किती सोपं करून सांगितलंत. त्यात थोडी भर. खाणीच्या पातळ्यांचे आकडे मूळ डोंगराच्या शिखरापासून मोजतात, ते शिखर आता शिल्लकच नाही पण शून्य अजून तिथेच धरतात. सध्याची मुख्य पातळी १३६५ मीटर, ती २०१३ ला सुरू झाली, त्याआधीची १०४५. पर्यटकांना ५४० मीटरवर नेतात, बस थेट आत जाते. खाली रस्तेच मुळी सुमारे ४०० किमी.

आणि स्फोट रोज रात्री साधारण दीडला. गावात मुक्काम असेल तर पहिल्या रात्री जाग येते, खिडकीची काच किंचित थरथरते आणि पलंगातून बारीक हादरा पाठीला लागतो, अगदी दोन सेकंद. तिथल्या माणसांना विचारलं तर म्हणतात आम्हाला कळतही नाही. जाग कधी येते माहितीये, ज्या रात्री नेहमीपेक्षा मोठा हादरा बसतो तेव्हा. १८ मे २०२० च्या पहाटे ४.९ तीव्रतेचा झटका बसला, खाणकामामुळे झालेला स्वीडनमधला सगळ्यात मोठा. सुदैवाने कोणी दगावलं नाही पण खाणीचा काही भाग बराच काळ बंद ठेवावा लागला.

डबा_इंजिन

रेल्वेवाला इथे हजेरी लावल्याशिवाय कसा जाईल. ह्या लाइनचा किरुना ते नॉर्वे सीमेपर्यंतचा भाग १९१५ मध्येच विजेवर आला, त्यासाठी पोर्युसला धबधब्यावर वीजकेंद्र बांधलं, आणि ते बांधायच्या वेळी तिथे रस्ता नव्हता म्हणून आधी सामान माणसांनी पाठीवरून वाहून नेलं. आज ६८ वॅगनची गाडी धावते, ७५० मीटर लांब, एका फेरीत ८ हजार टनांच्या वर वजन. सीमेपासून नार्विककडे उतार आहे त्यामुळे भरलेली गाडी खाली जाताना ब्रेकमधून इतकी वीज परत तारेत सोडते की रिकामी गाडी वर चढवायचा बराचसा खर्च त्यातच निघतो. पण सगळी मदार ह्या एकेरी रुळावर. डिसेंबर २०२३ ला गाडी घसरली आणि नार्विककडची वाहतूक काही महिने गडबडली, माल खाणीत पडून.

जुनीपानं

दुसऱ्या महायुद्धाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून? ह्या गावाचं नाव बर्लिनपासून लंडनपर्यंत प्रत्येक युद्धकचेरीत माहीत होतं. स्वीडन तटस्थ होता पण जर्मनीला वर्षाला सुमारे १ कोटी टन लोहखनिज स्वीडनकडून जात होतं, आणि हिवाळ्यात ते नार्विकमार्गे. म्हणून तर ९ एप्रिल १९४० ला जर्मनी नॉर्वेवर उतरला तेव्हा पहिल्याच दिवशी नार्विक ताब्यात घेतलं, आणि १० व १३ एप्रिलला तिथल्या फ्योर्डमध्ये (डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत) ब्रिटिश नौदलाशी दोन लढाया झाल्या. त्या अरुंद पाण्यात बुडालेल्या जहाजांमध्ये मालवाहू जहाजंही होती, खनिज न्यायला आलेली. किरुनावर बॉम्ब पडला नाही. पण किरुनाच्या खाणकामगाराने भरलेली वॅगन कुठल्या रणगाड्यात गेली हा प्रश्न स्वीडनमध्ये आजही विचारला जातो आणि विचारायलाच हवा.

आणखी एक फार वेदनादायक पान. तीसच्या दशकाच्या सुरुवातीला मंदी होती, कामं गेली, किरुना आणि आसपासचा भाग कम्युनिस्ट विचारांचा बालेकिल्ला, त्यामुळे तिथली बरीच कुटुंबं फिनलंडच्या सीमेला लागून असलेल्या सोव्हिएत कारेलियात राहायला गेली, कामगारांचं राज्य बघायला. तिथे स्टालिनच्या शुद्धीकरणात (विरोधक ठरवून माणसं संपवायच्या मोहिमेत) ह्यातल्या अनेकांना पकडलं, काहींना गोळ्या घातल्या. जे परत आले त्यांच्यावर गावात कोणी विश्वास ठेवेना, कारण गावाला ते ऐकायचंच नव्हतं. कित्येक दशकं ह्यावर कोणी बोललं नाही. किरुनाचा इतिहास म्हणजे फक्त चर्च आणि ट्राम नाही, हाही आहे.

उत्तरवाट

जुनीपानं, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी मुद्दाम पुढच्या भागासाठी ठेवलं होतं पण तुम्ही जास्त चांगलं लिहिलंय.

आता माझ्या दृष्टीने ह्या गावाच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा हिवाळा, १९६९-७० चा. एलकेएबीमध्ये सरकारचा अर्धा हिस्सा १९०७ पासून होता, १९५७ ला जवळपास सगळी कंपनी सरकारची झाली. सरकार सोशल डेमोक्रॅट पक्षाचं, म्हणजे कामगारांचा पक्ष, आणि युनियनही त्याच पक्षाची. म्हणजे मालक आपला, सरकार आपलं, युनियन आपली, मग तक्रार कुठे करायची? मॅनेजमेंटने स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक हालचाल मोजायची पद्धत आणली होती, पगार कमी होत चालला, खाली डिझेलचा धूर. ९ डिसेंबर १९६९ ला किरुनाजवळच्या स्वाप्पावाराच्या खाणीतल्या वर्कशॉपमध्ये मूठभर कामगार काम थांबवून बसून राहिले. एकदोन दिवसांत किरुना आणि मालमबेर्येत सामील, मिळून जवळपास ४८०० माणसं. हा संप युनियनलाही मान्य नव्हता, कायद्याने बेकायदा. कामगारांची घोषणा होती की आम्ही यंत्रं नाही आहोत. बस, इतकीच. ऐन काळोखाच्या दिवसांत किरुनाच्या क्रीडाहॉलमध्ये हजारो जण जमून सभा घ्यायचे, आपली वेगळी समिती निवडली, देशभरातून लोकांनी पैसे पाठवले. फेब्रुवारी १९७० मध्ये संप मिटला. पगाराची पद्धत बदलली, मासिक पगार आला. संपूर्ण स्वीडन ह्या संपाने हादरला कारण आपल्याकडे सगळं चर्चेने मिटतं ह्या समजुतीला तडा गेला.

हे एवढ्यासाठी सांगतेय की आज गाव हलवताना सगळीकडे फोटोत हसरे चेहरे दिसतात, पण किरुनाची माणसं मुकाट ऐकणारी नाहीत. त्यांचा कंपनीवर राग आहे आणि कंपनीशिवाय ते राहूही शकत नाहीत, हे दोन्ही एकाच माणसात असतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात पोलादाची मागणी पडली, कंपनी तोट्यात गेली, १९८३ ला स्वाप्पावाराची खाण बंद केली, तेव्हा गावातली तरुण मंडळी दक्षिणेला निघून गेली. नगरपालिका हद्दीत १९७६ च्या आसपास ३१ हजार लोक होते, आज २२-२३ हजार. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना घर हलण्यापेक्षा खाण बंद पडण्याची भीती जास्त वाटते. २००४ मध्ये कंपनीने नगरपालिकेला कळवलं की गाव हलवावं लागेल, तेव्हा गावाने का विरोध केला नाही ह्याचं उत्तर इथे आहे.

डिचोलीकर

धागा आवडला. मी गोव्यातल्या डिचोलीचा, लोखंडाच्या खाणींत लहानाचा मोठा झालो, त्यामुळे वाचताना सारखं आमचंच आठवत होतं. आमच्याकडे खाण उघडी, माती लाल, माल बार्जमधून मांडवी-जुवारीतून मुरगावला. शिरगावसारख्या ठिकाणी विहिरी आटल्या, शेतात खाणीचा गाळ आला. २०१२ ला सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या, २०१८ ला ८८ लीज रद्द झाल्या, आणि त्या दिवसापासून ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले सगळे घरी बसले. गावात दोन तट, एकाच घरात दोन तट. उत्तरवाट म्हणते ती भीती, खाण चालू राहण्याची पण आणि बंद पडण्याची पण, ती मी आमच्या शेजारी बघितलीय.

मला विचारायचंय ते हे. तिथे नुकसानभरपाई नक्की कशी देतात? कायद्याने की कंपनीच्या मर्जीने?

उत्तरवाट

कायद्याने. स्वीडनच्या खनिज कायद्यात स्पष्ट आहे की खाणीमुळे जे नुकसान होईल ते खाण कंपनीने भरायचं. घरमालकाला दोन पर्याय: बाजारभाव अधिक २५ टक्के रोख, किंवा नवीन ठिकाणी बदली घर. सार्वजनिक इमारतींसाठी नगरपालिकेशी वेगळे करार झाले, रेल्वे आणि महामार्गसुद्धा वळवले. पहिल्या टप्प्यात गावातल्या साधारण १८ हजारांपैकी ६ हजार लोकांना हलावं लागणार असा हिशोब होता. नवीन मध्यवर्ती भाग जुन्यापासून ३ किमी पूर्वेला, १ सप्टेंबर २०२२ ला त्याचं उद्घाटन झालं. जमीन कशी हलतेय हे कंपनी जीपीएस आणि सॅटेलाइटने सतत मोजते, त्यावरून कुठली गल्ली कधी रिकामी करायची ते आधीच ठरतं, रिकाम्या झालेल्या पट्ट्यात तात्पुरती बाग करतात आणि ती बागही हळूहळू गावाकडे सरकत जाते.

पण भाडेकरूंचं काय? कागदावर घर मिळतं, पण जुन्या फ्लॅटचं भाडं कमी होतं कारण इमारत जुनी, आणि नवीन इमारतीचं भाडं नवीन इमारतीसारखं. ते टप्प्याटप्प्याने वाढवायची सोय केलीय, तरी शेवटी जास्तच. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे लागतं. दुकानदारांचंही तेच. जुन्या गल्लीत लहान दुकान परवडत होतं, नवीन ठिकाणी भाडं परवडत नाही म्हणून काहींनी बंदच केलं.

कोयनाकाठ

आमचं घराणं कोयना धरणाचं प्रकल्पग्रस्त. आजोबांची पिढी उठली, जमिनीच्या बदल्यात जमीन म्हणून जे कागद मिळाले ते घेऊन वडील आयुष्यभर कचेऱ्यांमध्ये फिरले. त्यामुळे बाजारभाव अधिक २५ टक्के आणि तेही घर पाडायच्या आधी हे वाचून गलबलून आलं. भाडं वाढलं ही तक्रार खरीच असणार, ती मी नाकारत नाही. पण वीस वर्षं आधी सांगून, मोजून, पैसे देऊन गाव हलवता येतं हे तरी ह्यातून सिद्ध होतं ना. आपल्याकडे होत नाही कारण करायचं नसतं.

पाटा_वरवंटा

कोयनाकाठ, अगदी मान्य. फक्त एक, तिथे मालक सरकार, कंपनी नफ्यात, आणि हलवायची माणसं मुंबईच्या एका वॉर्डापेक्षाही कमी. सगळं जुळून आलंय. तरीही करायची इच्छा हवी हे शंभर टक्के.

चहाबाज

चर्च नेमकं हलवलं कसं ते सांगा ना कोणीतरी. मी व्हिडिओ बघून थक्क झालो होतो. सुटं करून का नाही नेलं?

उत्तरवाट

सुटं करून नेण्याचाही विचार झाला होता, पण असं चर्च परत जोडलं की ते जुनं राहत नाही, म्हणून अख्खं न्यायचं ठरलं. वजन ६७२ टन, रुंदी ४० मीटर. खालून पाया कापून पोलादाच्या तुळया सरकवल्या, जॅकने उचललं आणि शेकडो चाकांच्या, स्वतःच्या इंजिनवर चालणाऱ्या ट्रेलरच्या दोन रांगांवर ठेवलं. अंतर ५ किमी, वेग ताशी अर्धा ते दीड किमी, १९ आणि २० ऑगस्ट २०२५ असे दोन दिवस. त्यासाठी रस्ता ९ मीटरचा २४ मीटर केला आणि वाटेतला एक पूल काढून टाकला. आतलं वेदीवरचं चित्र आणि ऑर्गन गुंडाळून आतच ठेवले होते. रस्त्याच्या दोन्ही कडेला लोक खुर्च्या, थर्मास, लहान मुलं घेऊन बसले होते, दुसऱ्या दिवशी राजा आला, टीव्हीवर सगळा प्रवास लाइव्ह. खर्च ५० कोटी स्वीडिश क्रोनर, अर्थात कंपनीचा. चर्च परत उघडायचं नियोजन २०२६ च्या अखेरीचं आहे.

पण सगळ्यांनाच हे भाग्य मिळालं नाही. लुंडबूमचं घर आणि काही दौतघरं हलवली. जुना टाऊन हॉल मात्र पाडला. आर्टुर फॉन श्मालेन्सेचं डिझाइन, १९६४ ला स्वीडनमधलं वास्तुकलेचं मोठं पारितोषिक मिळालेलं, संरक्षित वास्तूचा दर्जा होता तो काढला आणि पाडला. आत मोठा हॉल होता, गावातली माणसं त्याला आपली बैठकीची खोली समजायची, बाहेर उणे ३० असताना आत येऊन नुसतं बसता यायचं. लोखंडी घड्याळाचा मनोरा तेवढा काढून नव्या टाऊन हॉलशेजारी उभा केलाय. नवी इमारत गोल आहे, २०१८ ची, सुंदर आहे. तरी जुन्याबद्दल बोलताना तिथल्या ओळखीच्या एक बाई मध्येच गप्प झाल्या आणि मग विषय बदलला, मीही काही विचारलं नाही.

खडकवेडी

उत्तरवाट, वरती तुम्ही हालमानने उतार निवडला ते लिहिलंत. नवीन जागा तशी आहे का?

उत्तरवाट

नाही, आणि हीच माझी मोठी तक्रार आहे. नवीन केंद्र सखल भागात आहे, थंड हवा तिथे येऊन साचते, आणि हिवाळ्यात सूर्य क्षितिजाला घासून जातो तेव्हा उंच इमारतींमुळे रस्त्यावर ऊन पडत नाही. हवामानाच्या अभ्यासकांनी हे जाहीरपणे सांगितलंय. १९०० मध्ये कॉम्प्युटर नसताना एका माणसाने वारा बघून रस्ते वळवले आणि सव्वाशे वर्षांनी सगळी साधनं असताना ते ज्ञान बाजूला राहिलं. जागा निवडताना नगरपालिकेला फार वाव नव्हता हे खरं आहे, चहूबाजूंनी खनिज, रेल्वे, सरकारी राखीव जमीन आणि रेनडियरच्या वाटा. पण इमारतींची उंची आणि रस्त्यांची दिशा तर हातात होती.

डिचोलीकर

रेनडियरच्या वाटांवरून विचारतो, सामी लोकांना ह्यात काय मिळालं? भरपाईत ते कुठे बसतात?

उत्तरवाट

नेमका प्रश्न. खरं तर धागा काढायचं माझं मुख्य कारण हेच होतं. खाण यायच्या आधीपासून ही जमीन सामींच्या रेनडियरची, हिवाळ्यात जंगलाकडे आणि उन्हाळ्यात डोंगराकडे जायची वाट. आज किरुनाच्या आजूबाजूला गाब्ना आणि लाएवास हे दोन सामी पशुपालक समूह आहेत. १९१३ च्या कायद्याने फिरत्या सामींच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा काढल्या, तंबूत, कमी शिक्षणाच्या, कारण सरकारचं मत की सामीने सामीच राहावं. म्हणजे ज्या वर्षांत कंपनीच्या शाळेत कामगाराच्या मुलाला स्वीडनमधलं चांगलं शिक्षण मिळत होतं त्याच वर्षांत शेजारच्या सामी मुलाला मुद्दाम कमी दिलं जात होतं. आदर्श गाव म्हणून किरुनाचं कौतुक करताना हे सांगितलंच पाहिजे. चर्चचा आकार त्यांच्या झोपडीचा घेतला, जमीनही घेतली.

आणि आता घर पाडलं तर मालकाला २५ टक्के जास्त मिळतात, पण वाट तुटली तर बाजारभाव कशाचा लावणार? कळप शेकडो वर्षं ज्या चिंचोळ्या पट्ट्यातून जातो तो खाण, महामार्ग, रेल्वे आणि नवं गाव ह्यांमध्ये आधीच आवळलाय. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की शेजारच्या पेर गाइयेर साठ्यात १० लाख टनांहून जास्त दुर्मिळ मृदा धातूंची ऑक्साइडं आहेत, तेव्हा युरोपात माहीत असलेला सगळ्यात मोठा साठा. इलेक्ट्रिक गाड्या, पवनचक्क्या, सगळ्यांना लागणारा माल, आणि चीनवर अवलंबून राहायचं नाही म्हणून पूर्ण युरोप खूश. गाब्नाचं म्हणणं की ही खाण झाली तर आमची उरलेली वाटही बंद. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. हवामान वाचवायचं म्हणून जे लोक हवामानाच्या सगळ्यात जवळ जगतात त्यांनाच उठवायचं हे मला मान्य होत नाही.

जुनीपानं

चर्च हलवल्यानंतर आठवड्याभरातच कंपनीने आणखी ६ हजार लोकांना हलावं लागेल असं जाहीर केलं ना? २७०० घरं असं वाचल्याचं आठवतंय, मालमबेर्येतचंही सांगा जमलं तर, तिथे तर गावाच्या मधोमध खड्डा पडला होता.

उत्तरवाट

हो, ऑगस्ट अखेरीस जाहीर केलं, पुढच्या दहाएक वर्षांत. म्हणजे ज्यांना वाटलं होतं आपली गल्ली वाचली त्यांनाही आता पत्रं येणार. काही भागांत तर लोकांनी नुकतंच स्वयंपाकघर नवीन करून घेतलं होतं.

मालमबेर्येतवर वेगळा धागा काढते, तिथलं सगळं गावच संपतंय, हलवून दुसरं मालमबेर्येत बांधत नाहीयेत, माणसं येलिवारेत सामावून घेतायत. तिथलं चर्च १९७४ मध्येच एकदा हलवलं होतं. डबा_इंजिन, त्यात लुलेओ-येलिवारे लाइनच्या इंग्लिश कंपनीबद्दल तुम्ही लिहाल का, तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

डबा_इंजिन

लिहितो की. ती कंपनी का बुडाली हा स्वतंत्र विषय आहे, रविवारपर्यंत टाकतो.